कानापुढची गाठ, पॅरोटिडमधले नोड आणि रिपोर्टखालची 'तीन नावं'

ओहोटी
थायरॉइडवर या मंचावर दोन शतकी (शंभरावर प्रतिसादांचे) धागे झाले, लाळग्रंथींकडे मात्र कोणी फिरकत नाही. म्हणून ही जिलबी, म्हणजे नवा धागा.

चिपळूणपासून सावंतवाडीपर्यंत कुठल्याही तालुक्याच्या गावी दिसणारं चित्र असं. साठीपुढचं माणूस. कानापुढे किंवा पाळीच्या खाली दीड-दोन सेंटिमीटरची गाठ, दुखत नाही, ताप नाही. सोनोग्राफीत पॅरोटिडच्या (कानापुढच्या लाळग्रंथीच्या) आत गोल, काळसर, हायलम (मधला चरबीचा भाग) हरवलेला नोड (लसिका ग्रंथी). रिपोर्टच्या तळाशी एक ओळ : 'पुढील तपासणी – सीटी / एमआरआय / पेट-सीटी'. तिन्ही नावं एका दमात, मध्ये तिरक्या रेघा. घरचे तो कागद घेऊन विचारत फिरतात की यातलं नेमकं कुठलं. कोणी तिन्ही करून येतं, कोणी एकही करत नाही.

माझे प्रश्न दोन. लाळग्रंथीतल्या नोडमध्ये कॅन्सर पसरल्याची शंका असेल तर तपासण्यांचा क्रम काय असावा? आणि पहिल्याच सोनोग्राफी रिपोर्टमध्ये काय काय लिहिलं तर पुढच्या डॉक्टरला ती पुन्हा करावी लागणार नाही?

जाणकारांनी लिहावे.

कुळीथपिठी
मेल्यांनू, आधी साध्या भाषेत सांगा. गाठ लाळग्रंथीची की लाळग्रंथीतल्या गाठीची? आमच्याकडे कानाखाली सूज म्हणजे गालगुंड, विषय संपला.

रातांबा
@कुळीथपिठी, प्रश्न बरोबर जागी विचारलात. गालगुंडात अख्खी ग्रंथी फुगते, दुखते, ताप असतो, कानाची पाळी वर उचलली जाते आणि दहा-बारा दिवसांत ओसरते. इथे बोलणं चाललंय ते ग्रंथीच्या *आत* बसलेल्या लसिका ग्रंथींबद्दल. त्यांना पुढे 'नोड'च म्हणतो, नाहीतर 'ग्रंथीतली ग्रंथी' लिहिता लिहिता सगळेच अडखळतील.

लाळग्रंथींच्या तीन मोठ्या जोड्या. कानापुढची पॅरोटिड, जबड्याखालची सबमँडिब्युलर आणि जिभेखालची सबलिंग्वल. गर्भात पॅरोटिड सगळ्यांत आधी तयार व्हायला लागते, पण तिच्यावरचं आवरण सगळ्यांत शेवटी बंद होतं. तोवर आसपास लसिकांचं जाळं विणलं गेलेलं असतं, त्यामुळे काही नोड आवरणाच्या आत अडकतात. बाकी दोघींचं आवरण लवकर मिटतं, म्हणून त्यांच्या आत नोड नसतात.

याचा व्यवहारातला अर्थ : पॅरोटिडच्या आत पसरलेला नोड असू शकतो. 'सबमँडिब्युलर ग्रंथीच्या आत नोड' असं रिपोर्टमध्ये दिसलं तर तो बहुधा ग्रंथीला चिकटून *बाहेर* असलेला, मानेच्या पहिल्या पातळीचा 'बी' गटातला नोड असतो (मानेतल्या नोडचे जागेनुसार 'पातळ्यां'त गट करतात). नाहीतर ग्रंथीचीच गाठ असते. या दोन्हींचे रस्ते पूर्ण वेगळे.

कुळीथपिठी
आता कळलं. आत अडकलेले पाहुणे.

फणसगरा
पाहुणे कसले, पागडीवाले भाडेकरू. कुंपण नंतर घातलं, हे आधीच आत येऊन बसलेत.

तिरफळ
रातांबा यांच्याशी सहमत, पण हे नोड कुठलं पाणी घेतात तेही लिहायला हवं. स्कॅनच्या आधीची अर्धी तपासणी त्यातच आहे.

पॅरोटिडच्या नोडकडे कपाळ, कानशील, डोक्याची पुढची-बाजूची त्वचा, बाहेरचा कान आणि कानाची नळी, गाल आणि पापण्या इथला निचरा येतो. ऑस्ट्रेलियात पॅरोटिडच्या नोडमधला कॅन्सर म्हणजे बहुतेक वेळा उन्हाने झालेला त्वचेचा स्क्वेमस (वरच्या थरातल्या पेशींचा) कॅन्सर. सावळ्या कातडीत तो कमी, म्हणून आपल्याकडे त्वचा बघायचीच राहून जाते. बघायच्या जागा : डोक्यावरचा जुना भाजल्याचा व्रण, कानाच्या कडेवरची न भरणारी खपली, कोड नव्हे पण जन्मजात रंगहीन त्वचा असलेली माणसं. आणि सगळ्यांत महत्त्वाची जागा म्हणजे पापणी.

पापणीतल्या तेलग्रंथींचा कॅन्सर, सेबेशियस कार्सिनोमा, आपल्याकडे पापणीच्या कॅन्सरमध्ये चांगलाच मोठा वाटा उचलतो. तो अगदी रांजणवाडीसारखा दिसतो. उतारवयात त्याच जागी पुन्हा पुन्हा येणारी, चिरा देऊनही परतणारी, शेजारच्या पापणीचे केस गळवणारी 'रांजणवाडी' असेल तर ती रांजणवाडी समजू नये. वरच्या पापणीचा आणि बाहेरच्या कोपऱ्याचा निचरा कानापुढच्या आणि पॅरोटिडच्या नोडकडे, तर खालच्या पापणीच्या नाकाकडच्या भागाचा जबड्याखाली.

म्हणून कानापुढे गाठ दिसली की आधी त्या बाजूची पापणी उलटून बघा, केस विंचरून टाळू बघा, कानात दिवा घाला. यंत्र लागत नाही. याशिवाय नाकामागच्या घशाचा कॅन्सर कधी कधी इथे येतो. फुफ्फुस, स्तन, मूत्रपिंड यांचा रक्तातून येतो, पण क्वचित.

ओहोटी
आणि तोंडाचा? इकडे मिश्री, तंबाखू-चुना यांचं प्रमाण बघता विचारतेय.

तिरफळ
गालाचा आणि हिरडीचा कॅन्सर पहिल्यांदा जबड्याखाली जातो, चेहऱ्याच्या धमनीच्या आगेमागे असलेल्या नोडमध्ये, मग मानेत दुसऱ्या पातळीला. पॅरोटिडमध्ये जाणं अपवाद. मात्र गालाच्या मागच्या टोकाचा, अक्कलदाढेमागचा कॅन्सर मोठा असेल किंवा मानेवर आधी शस्त्रक्रिया-रेडिएशन होऊन नेहमीच्या वाटा बंद झाल्या असतील तर आडवाटेने पॅरोटिडमध्ये पोचतो. पाणी अडलं की बांधावरून वाहतं तसं.

खाडीकाठ
सोनोग्राफीबद्दल सविस्तर लिहितो, कारण सगळी गोची इथेच होते. बऱ्याच ठिकाणी 'मानेची सोनोग्राफी' म्हणजे थायरॉइड बघायचा आणि जाता जाता जबड्याखाली एक फेरी मारायची. पॅरोटिडला दोन मिनिटंही मिळत नाहीत.

प्रोब लिनिअर, १० ते १५ मेगाहर्ट्झ. खांद्याखाली उशी, मान विरुद्ध बाजूला वळवलेली. कानापुढून आडवा प्रोब ठेवून वरून खाली, जबड्याच्या कोनाच्या खाली पॅरोटिडचं शेपूट संपेपर्यंत. मग उभा प्रोब, पुढून मागे. शेपूट सोडू नका. तिथल्या नोडला मानेच्या दुसऱ्या पातळीचा नोड समजण्याची चूक फार होते. मग दुसरी बाजू. ती बघितली नाही तर डावी-उजवी तुलना कशाशी करणार?

नॉर्मल पॅरोटिड शेजारच्या चावण्याच्या स्नायूपेक्षा उजळ आणि एकसारखी दिसते. नॉर्मल नोड तिच्यात अंडाकृती, मध्ये चरबीचा पांढरा हायलम, आखूड व्यास साधारण ५-६ मिमीपर्यंत. संशयित नोड गोलसर, हायलम गायब किंवा एका बाजूला ढकललेला, काठ एकीकडेच जाड, आत पाणी झालेलं, कड खरबरीत. डॉप्लरवर (सोनोग्राफीतच रक्तप्रवाह दाखवणारी सोय) रक्तपुरवठा हायलममधून न येता कडेने आत घुसतो.

डॉप्लरमधली नेहमीची चूक : प्रोब दाबला की बारीक वाहिन्या मिटतात आणि 'रक्तपुरवठा नाही' असं लिहिलं जातं. भरपूर जेल, हात हलका, पीआरएफ (ध्वनीचे ठोके पाठवायची गती) कमी, वॉल फिल्टर (मंद प्रवाह गाळणारी चाळणी) कमी. पोटाची सेटिंग ठेवून मान बघितली तर काहीच दिसणार नाही.

आता जागा. चेहऱ्याची नस, म्हणजे फेशियल नर्व्ह, ग्रंथीच्या आत सोनोग्राफीत नेमकी धरता येत नाही. पण जबड्यामागची शीर, रेट्रोमँडिब्युलर व्हेन, नेहमी दिसते आणि नस तिच्या जरा बाहेरच्या अंगाने जाते. शिरेच्या बाहेरचं, कातडीकडचं ते ग्रंथीचं वरचं पाळं (भाग), आतलं ते खोल पाळं. बहुतेक नोड वरच्या पाळ्यात असतात. खोल पाळं जबड्याच्या हाडाच्या सावलीत जातं. मधुमेही, जाड माणसात ग्रंथी चरबीने इतकी पांढरी होते की खालचं काही दिसत नाही. अशा वेळी पोटाचा ५ मेगाहर्ट्झचा प्रोब लावून बघता येतं, पण तरीही न दिसल्यास 'खोल पाळं दिसलं नाही' असं सरळ लिहा. 'नॉर्मल' लिहू नका. न दिसणं आणि नॉर्मल असणं यात मुंबई-गोव्याइतकं अंतर आहे.

सोलकढी_बिनलसूण
आणि दोन्हींमध्ये रस्ता खोदलेलाच.

फणसगरा
🙏 शंभरावा प्रतिसाद यांचा धरा.

खाडीकाठ
अवांतर : गाठ 'जेवताना फुगते, तासाभरात उतरते' अशी असेल तर खडा आधी शोधा. बहुतेक खडे जबड्याखालच्या ग्रंथीत. सोनोग्राफी चालू असताना जिभेवर लिंबू पिळलं की लाळ सुटून अडलेली नळी फुगते आणि दिसते. आमसुलानेही तेच होतं.

कुळीथपिठी
म्हणजे आगळाची बाटली सोनोग्राफीच्या टेबलावर. ह्यां बरां.

कातळसडा
खाडीकाठ यांनी सगळं लिहिलं पण सुई विसरले. कितीही सुंदर चित्र काढा, पॅरोटिडमधला गोल काळा नोड 'कशाचा' हे चित्र सांगत नाही. कॅन्सरचा नोड, टीबीचा नोड, वॉर्थिन ट्यूमर (लाळग्रंथीची साधी गाठ), लिम्फोमा (लसिका पेशींचा कॅन्सर) हे सगळे एकमेकांचे कपडे घालून येतात.

एफएनएसी, म्हणजे बारीक सुईने पेशी ओढून तपासणं, सोनोग्राफीखालीच करावी. २३ ते २५ गेजची सुई, दोन-तीन वेळा. मध्ये पाणी झालेल्या नोडमध्ये मधलं पाणी ओढून उपयोग नाही, त्यात नुसता मेलेला कचरा येतो. सुईचं टोक जिवंत कडेत, जाड भिंतीत हवं. काचपट्ट्या दोन प्रकारच्या : निम्म्या लगेच ९५ टक्के अल्कोहोलमध्ये, निम्म्या हवेवर वाळवून. इथेच कोकणातल्या पावसाळ्याची खोडी. जुलै-ऑगस्टमध्ये दमट हवेत काच सावकाश वाळते, पेशी आकसतात, केंद्रकं बिघडतात आणि पॅथॉलॉजिस्ट 'नमुना असमाधानकारक' लिहितो. पंख्याखाली, गरज पडल्यास ड्रायरच्या *थंड* हवेवर लगेच वाळवा. उरलेला माल फॉर्मॅलिनमध्ये सेल ब्लॉकसाठी (पेशी मेणाच्या ठोकळ्यात बसवतात). स्क्वेमस की तेलग्रंथीचा की मेलॅनोमा (रंगपेशींचा कॅन्सर), हे खास रंग देऊन केलेल्या चाचण्यांनी त्यातूनच ठरतं.

टीबी आपल्याकडे विसरून चालत नाही. सुईतून पू निघाला तर निम्मा सीबी-नॅटला (टीबीच्या जनुकीय चाचणीला) पाठवा. फॉर्मॅलिनमध्ये सगळा बुडवला की ती वाट बंद.

रिपोर्ट मिलान पद्धतीत (लाळग्रंथींच्या सुईचे रिपोर्ट लिहायची ठरलेली पद्धत) मागा. २०१८ साली आली, २०२३ मध्ये दुसरी आवृत्ती. सहा वर्ग आहेत. पहिल्या वर्गाचा, 'नमुना अपुरा', अर्थ 'कॅन्सर नाही' असा घरचे लावतात. तो अर्थ नाही. सुई पुन्हा करायची.

माडाची_झाप
पण सुई लावली की पसरतो असं घरोघर ऐकू येतं, त्याचं काय? निम्मे लोक त्यापायी सहा महिने घालवतात.

कातळसडा
बारीक सुईने वाटेत पेशी सांडणं अतिशय विरळ. चेहऱ्याच्या नसेलाही कायमची इजा होत नाही. लोकांनी घाबरायचं ते दुसऱ्या गोष्टीला : गावातच भूल देऊन 'छोटीशी गाठ काढून टाकणं' किंवा चिरा देऊन तुकडा घेणं. पॅरोटिडमध्ये आंधळा चिरा म्हणजे नस कापली जाण्याचा धोका, लाळ बाहेर वाहत राहणं आणि गाठीचं आवरण फुटून पेशी जखमेत सांडणं. पुढच्या शस्त्रक्रियेत मग तो सगळा व्रण कातडीसकट काढावा लागतो. लिम्फोमाची शंका असेल आणि बारीक सुईने भागत नसेल तर १८ गेजची कोअर बायोप्सी (जाड सुईने तुकडा), तीही सोनोग्राफीखाली.

झांज_पखवाज
सीटी टेक्निशियनच्या बाजूने. ज्या गोष्टींनी पॅरोटिडची सीटी वाया जाते त्यांत डॉक्टरांच्या प्रोटोकॉलपेक्षा दागिन्यांचा हात मोठा आहे.

मंगळसूत्र आणि कुड्या सगळे काढायला सांगतात. नथही. पण म्हाताऱ्या बायकांच्या कानाच्या वरच्या कडेला बुगडी असते. वर्षानुवर्षं न काढलेली, मळसूत्र गंजून घट्ट बसलेलं. ती बरोब्बर पॅरोटिडच्या वरच्या टोकाच्या पातळीला. एका बुगडीतून निघालेल्या पांढऱ्या-काळ्या रेघा दोन्ही बाजूंच्या ग्रंथींवर पंख्यासारख्या पसरतात आणि १० मिमीचा नोड त्यात बुडून जातो. टेबलावर आल्यावर ती निघत नाही. आदल्या दिवशी खोबरेल लावून घरीच सैल करून, नाहीतर सोनाराकडून काढून आणावी. कवळीही बाहेर. दातात चांदी भरलेली असेल किंवा कॅप असेल तर ते काढता येत नाही, म्हणून दुसरी छोटी फेरी गँट्रीचा (यंत्राच्या कड्याचा) कोन बदलून किंवा मान वेगळ्या कोनात ठेवून घ्यायची, म्हणजे रेघा दुसरीकडे पडतात.

बाकी : क्रिएटिनिन ताजं. मेटफॉर्मिन (मधुमेहाची गोळी) चालू असेल तर ईजीएफआर (मूत्रपिंडाची गाळण) ३० च्या खाली असल्यासच ४८ तास बंद. सरसकट सगळ्यांची गोळी बंद करून साखर चढवायची गरज नाही. कॉन्ट्रास्ट (शिरेतून द्यायचं, चित्र उजळवणारं औषध) साधारण ८० ते १०० मिली, सेकंदाला दोन-अडीच मिली, ६०-७० सेकंदांनी स्कॅन. लवकर घेतला तर धमन्या उजळतात, नोड उजळत नाहीत. काप १ मिमीचे घेऊन ३ मिमीचे बनवायचे. पल्ला कवटीच्या तळापासून छातीतल्या महाधमनीच्या कमानीपर्यंत. टाळूवर जखम असेल तर डोक्याच्या माथ्यापासून, हे रिक्वेस्टवर लिहिलं नाही तर टेक्निशियनला स्वप्न पडत नाही.

गालाचा कॅन्सर असेल तर गाल फुगवून घ्यायचा स्कॅन वेगळा. तोंडात हवा भरली की गाल हिरडीपासून सुटतो आणि गाठ कुठून उगवली ते दिसतं.

सोलकढी_बिनलसूण
बुगडीचा मुद्दा कुठल्या पुस्तकात नसेल. 👏

अबोली
सीटीचं एवढं कौतुक वाचून एमआरआयवाल्यांनी गप्प बसणं बरोबर नाही. पॅरोटिडसाठी एमआरआयच. कारण चरबी.

मोठ्या माणसाच्या पॅरोटिडमध्ये भरपूर चरबी असते, त्यामुळे कॉन्ट्रास्ट न देता घेतलेल्या साध्या टी-१ चित्रात ग्रंथी उजळ आणि नोड काळा. पांढऱ्या कापडावर शाईचा ठिपका. सगळे कॉन्ट्रास्टच्या चित्रांकडे धावतात, पण सीमारेषा बघायची ती या टी-१ वर. लहान मुलांत चरबी कमी, तिथे हा फायदा मिळत नाही.

मग चरबी दाबलेलं टी-२ (एमआरआयचा दुसरा प्रकार), डिफ्यूजन (पेशींतल्या पाण्याची हालचाल दाखवणारं), आणि गॅडोलिनियम (एमआरआयचं कॉन्ट्रास्ट) किलोला ०.१ मिलिमोल देऊन चरबी दाबलेलं टी-१. कापाची जाडी ३ मिमी. दातातल्या धातूमुळे चरबी दाबणं फसतं, तेव्हा डिक्सन किंवा स्टर या चरबी दाबायच्या दुसऱ्या पद्धती वापराव्या. पण स्टर *कॉन्ट्रास्टच्या आधी*. गॅडोलिनियमने उजळलेला भागही स्टर चरबीसारखा पुसून टाकू शकतं.

डिफ्यूजनमधल्या एडीसी आकड्याचं (पाणी किती मोकळं हलतं त्याचं माप) वेड आवरा. १.४ च्या वर असेल तर प्लिओमॉर्फिक ॲडिनोमाकडे (लाळग्रंथीची आणखी एक साधी गाठ) कल, ०.७ च्या आसपास असेल तर लिम्फोमा मनात धरायचा. पण वॉर्थिन ०.९ च्या आसपास बसतो आणि बरेच कॅन्सर १ च्या आगेमागे, म्हणजे शेजारी-शेजारीच. (एकक नेहमीचं, १०⁻³ चौमिमी प्रति सेकंद.) त्यावरून सुई टाळता येत नाही.

एमआरआयची खरी किंमत नसेत आहे. कॅन्सर नोडमधून निघून चेहऱ्याच्या नसेवरून कवटीकडे चढतो. ती नस कवटीतून बाहेर येते त्या भोकाखाली, स्टायलोमॅस्टॉइड फोरॅमेनपाशी, चरबीचा छोटा ठिपका असतो. टी-१ वर तो पांढरा दिसला तर बरं, काळवंडला असेल तर नस पकडली गेली असण्याची शंका घ्यायची. दुसरी वाट कानापुढच्या ऑरिक्युलोटेम्पोरल नसेतून जबड्याच्या नसेकडे आणि तिथून कवटीतल्या दुसऱ्या भोकाकडे, फोरॅमेन ओव्हलकडे. चेहऱ्याची एक बाजू ढिली पडली असेल, डोळा मिटत नसेल, किंवा गालाला मुंग्या-बधिरपणा असेल तर रिक्वेस्टवर ते लिहिलंच पाहिजे. नाहीतर स्कॅन कवटीच्या तळाशी येऊन थांबतो आणि खरा रोग त्याच्या वर असतो.

झांज_पखवाज
मान्य, पण जबड्याचं हाड कुरतडलं का ते सीटीच बरी सांगते. आणि एमआरआयमध्ये अर्धा तास न गिळता पडून राहायला लागतं. सत्तरीचं माणूस, त्यात खोकला. दर चित्र हललेलं. तेव्हा 'पॅरोटिडसाठी एमआरआयच' हे वाक्य माणूस बघून म्हणा.

अबोली
'न गिळता' नव्हे, गिळायचं ते दोन सीक्वेन्सच्या मध्ये, आवाज थांबला की. हे आधी समजावून सांगितलं तर निम्मी चित्रं वाचतात. हाडाचा मुद्दा मान्य, तरी हाडातली मज्जा बिघडलेली टी-१ वर आधी दिसते.

ओहोटी
पेटबद्दल कोणी बोललं नाही. आणि घरच्यांना तेच हवं असतं. 'एकदाच सगळं शरीर होऊन जाईल.'

दीपस्तंभ_जयगड
पेटबद्दल मी लिहितो (टोचलेली किरणोत्सर्गी साखर जास्त ओढणारी जागा चित्रात चमकते, ती ही तपासणी), आणि पहिलं वाक्य पेटच्या विरुद्ध : पॅरोटिडमध्ये चमकलेला प्रत्येक ठिपका कॅन्सर नसतो. वॉर्थिन ट्यूमर साधा असून भट्टीसारखा चमकतो. प्लिओमॉर्फिक ॲडिनोमाही चमकू शकतो. टीबी तर चमकतोच. उलट ५-६ मिमीचा नोड किंवा आतून पूर्ण सडलेला नोड कॅन्सर असूनही थंड राहतो. वॉर्थिनचा नमुना ओळखीचा असतो. बिडी-सिगारेट ओढणारा, पन्नाशी-साठीचा, गाठ ग्रंथीच्या शेपटात, कधी दोन्ही बाजूंना, आत पाणी. पण ओळखीचा असला तरी सुई चुकत नाही. दुसरीकडच्या कॅन्सरसाठी पेट काढलं, पॅरोटिड चमकली आणि घाईने 'पसरला' ठरवून शस्त्रक्रियाच रद्द केली, असं होता कामा नये.

मग पेट कधी? सुईत कॅन्सर निघाला पण मूळ कुठे ते सापडत नाही तेव्हा. नोड मोठे किंवा अनेक आहेत, मेलॅनोमा आहे, छाती-यकृत बघायचंय तेव्हा. आणि रेडिएशननंतर काही उरलंय का बघायला, पण तेव्हा १२ आठवडे थांबून. आधी केलं तर सूजच चमकते.

तयारी कोकणातून जाणाऱ्यांसाठी. त्या साखरेतल्या, म्हणजे एफडीजीतल्या, फ्लोरिन-१८ चं अर्धायुष्य ११० मिनिटांचं. म्हणजे औषध तुमच्यासाठी थांबत नाही, दिलेल्या वेळी तिथे पोचायला हवं. किमान सहा तास उपाशी, साधं पाणी चालतं. साखर २०० च्या खाली, १५० असेल तर उत्तम. सकाळी साखर जास्त दिसली म्हणून जाताना इन्सुलिन टोचून घेऊ नका. सगळी साखर आणि तिच्याबरोबर औषधही स्नायूंत जातं आणि चित्र धुतलं जातं. इंजेक्शननंतरच्या तासाभरात बोलणं, चघळणं, मिश्री लावणं बंद. जबड्याचे स्नायू पॅरोटिडला चिकटून आहेत, ते चमकले की नोड झाकला जातो.

फणसगरा
तासभर न बोलता? मालवणी माणसाला? पेटपेक्षा ती तपासणी अवघड.

सोलकढी_बिनलसूण
रात्रीच्या गाडीने जाऊन सकाळी स्कॅन करून घ्यावा का? खारघरला (टाटाच्या कॅन्सर केंद्रात) जायचं तर पनवेलला उतरून जवळ पडतं.

दीपस्तंभ_जयगड
गाडीत जागा मिळाली असेल तर हरकत नाही. उभ्याने, सामान उचलत, थंडीत कुडकुडत गेलात तर मानेचे स्नायू आणि मानेतली तपकिरी चरबी दोन्ही चमकतात. अंगावर शाल ठेवा. आदल्या दिवशी अंगमेहनत नको.

माडाची_झाप
अवांतर पण कामाचं. फिल्मचा गठ्ठा ट्रंकेत किंवा गादीखाली ठेवतात, दमट हवेने फिल्म एकमेकींना चिकटतात आणि सोडवताना थर निघतो. सीडीवर बुरशीचे ठिपके. स्कॅनच्या दिवशीच डायकॉम (स्कॅनच्या मूळ) फाइली पेनड्राइव्हवर घ्या आणि दुसरी प्रत घरातल्या कोणाच्या तरी कॉम्प्युटरवर. मोबाइलने फिल्मचा फोटो काढून पाठवला तर त्यावरून खोल पाळं, नसेचं भोक यांतलं काही कळत नाही. आणि काचपट्ट्या-सेल ब्लॉक मागून घेऊन जा. मुंबईचं परळ असो की कोल्हापूर, मोठ्या ठिकाणी पॅथॉलॉजिस्ट स्वतः बघायला मागतात. त्या नसल्या तर सुई पुन्हा, खेप पुन्हा.

रातांबा
+१. जुनी सीटी असेल तर तीही न्या. नोड दोन वर्षांपूर्वीही तेवढाच होता, एवढं कळलं तरी पुष्कळ.

वेंगुर्ला_बंदर
(हेड-नेक सर्जरी) उशिरा आलो, सगळं वाचलं. ओहोटी ताईंच्या मूळ प्रश्नावर येतो, कारण धागा आमसुलावरून बुगडीवर आणि तिथून गादीखाली गेलाय.

क्रम. पहिल्या भेटीतच डोक्याची त्वचा, कान, पापणी, तोंड बघणं, चेहऱ्याच्या नसेच्या हालचाली तपासणं आणि सोनोग्राफी-सुई. शक्य तर एकाच दिवशी. रिपोर्ट येईपर्यंत मोठा स्कॅन करू नका, कारण उत्तरावर पुढचा स्कॅन ठरतो. टीबी निघाला तर यातला मोठा स्कॅन बहुधा लागत नाही. लिम्फोमा निघाला तर थेट पेट. स्क्वेमस, सेबेशियस किंवा तसाच कॅन्सर निघाला तर पॅरोटिड आणि मानेचा एमआरआय, आणि हाडाची शंका असेल किंवा माणूस स्थिर पडू शकत नसेल तर सीटी. दोन्ही लागतात असे पेशंट थोडे. छातीची सीटी वेगळी. पेट दीपस्तंभ यांनी दिलेल्या यादीपुरतं. अपवाद एकच : चेहरा वाकडा झालाय किंवा गाठ हाडाला घट्ट चिकटलीय, तर सुईच्या रिपोर्टची वाट न बघता एमआरआयचा नंबर लावा.

अबोली आणि झांज_पखवाज यांच्या भांडणात माझं मत अबोलींकडे झुकतं. मला टेबलावर लागणारी माहिती म्हणजे नोड शिरेच्या बाहेर की आत, आणि नस कवटीपाशी मोकळी आहे का. बाकीचं मी हाताने बघू शकतो, हे दोन नाही.

आता रिपोर्टमधली एक ओळ, जी त्रास देते : 'आवरणाबाहेर पसरलेला नोड'. एजेसीसीच्या (कॅन्सरच्या पायऱ्या ठरवणाऱ्या अमेरिकन समितीच्या) आठव्या आवृत्तीत त्वचेच्या स्क्वेमस कॅन्सरला शस्त्रक्रियेआधीच आवरणाबाहेरचा प्रसार धरला की नोडची ('एन') पायरी एकदम एन-३बी होते. शस्त्रक्रियेआधीच्या पायरीसाठी फक्त चित्रातली अस्पष्ट कड पुरत नाही. कातडीत घुसलेला, खालच्या स्नायूला जखडलेला, नस निकामी केलेला, असं हाताला-डोळ्याला दिसलं पाहिजे, चित्राने त्याला दुजोरा द्यायचा. तेव्हा 'कड अस्पष्ट, लगतच्या चरबीत पसरल्याची शंका' असं लिहा, पायरी सर्जनला लावू द्या.

मापांचंही तसंच. संशय आखूड व्यासावरून घेतात, पायरी सगळ्यांत लांब व्यासावरून ठरते. एकच नोड, त्याच बाजूला, ३ सेंमीपर्यंत तर एन-१. ३ ते ६ असेल तर एन-२ए. आखूड व्यास २६ मिमी लिहून थांबलात आणि लांब ३४ असेल तर पायरी चुकली. (पापणीच्या कॅन्सरला तक्ता वेगळा, तो यात मिसळू नका.)

खाडीकाठ
मापांचा मुद्दा पटला. पण सुई त्याच दिवशी म्हणताय, तालुक्याच्या गावी पॅथॉलॉजिस्ट आठवड्यातून एकदा येतो, त्याचं काय?

कातळसडा
सुई मारायला पॅथॉलॉजिस्ट लागत नाही, सोनोग्राफी करणारा मारू शकतो. काचा अल्कोहोलमध्ये आणि वाळवून, दोन्हीवर नाव पेन्सिलीने (शाई अल्कोहोलमध्ये जाते), डबीत उभ्या घालून जिल्ह्याला पाठवायच्या. एवढंच, की वाळवलेल्या काचा आणि फॉर्मॅलिनची बाटली एका पिशवीत नकोत. फॉर्मॅलिनची वाफ लागली की वाळवलेल्या काचांचा रंग बिघडतो.

ओहोटी
सगळ्यांचे आभार. वरच्या सगळ्यावरून सोनोग्राफी रिपोर्टचा मसुदा असा केलाय, चूक असेल तर सांगा :

'डावी पॅरोटिड : वरच्या पाळ्यात, रेट्रोमँडिब्युलर व्हेनच्या बाहेर, कानाच्या पाळीच्या पातळीला एक नोड, १४ × १९ × १२ मिमी. गोलसर, हायलम नाही, मागच्या भागात पाणी झालेलं, कडेने रक्तपुरवठा. कड पुढे अस्पष्ट. कातडी आणि स्नायू मोकळे. खोल पाळं हाडाच्या सावलीमुळे पूर्ण दिसलं नाही. उजवी पॅरोटिड, दोन्ही सबमँडिब्युलर ग्रंथी : नॉर्मल. मानेत डावीकडे दुसऱ्या पातळीला ७ मिमी आखूड व्यासाचा एक नोड, हायलम शाबूत. सोनोग्राफीखाली एफएनएसी, २५ गेज, तीन वेळा, कडेतून. सूचना : त्या बाजूची पापणी, टाळू, कान यांची तपासणी, पुढचा स्कॅन सायटॉलॉजीनंतर (सुईच्या रिपोर्टनंतर) ठरवावा.'

वेंगुर्ला_बंदर
छान. तीन मापं दिलीत ते बरं केलंत. सातव्या, म्हणजे चेहऱ्याच्या, नसेच्या हालचाली – 'भुवई, डोळा, ओठ नॉर्मल' – एवढे चार शब्द घाला. प्रोब ठेवण्याआधी पेशंटला भुवया उचलून, डोळे घट्ट मिटून दात दाखवायला सांगितलं की झालं.

झांज_पखवाज
आणि स्कॅनला पाठवताना चिठ्ठीवर एक ओळ : बुगडी काढून पाठवणे.